उसवून पुन्हा

वूच शहरात, बाउतीच्या एका तळमजल्यावर
माझं शिवणयंत्र खिडकीकडे पाठ करून बसतं.
नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
त्या अंधारात तिमेक आला, वरच्या मजल्यावरचा,
हातात घड्या घालून घालून मऊ पडलेलं चित्र.
"लुत्सिनाबाई, अस्सा झगा हवाय.
चाहत्यांचा मेळावा तीन आठवड्यांवर आलाय."

चित्रात कुणीतरी उभं. खांद्याशी कंदील,
पायाशी बुडालेल्या शहराची कौलं.
मी टेप काढली. म्हणाले,
"बाही केवढी लांब! हा हात कसे धुतो?"
"हा नाही."
"बरं, ही."
"हीसुद्धा नाही. विरो. ते."

तोंडात टाचण्या होत्या म्हणून हसले नाही.
आमच्याकडे क्रियापदाच्या शेपटीला गाठ असते,
नुसतं 'गेले' म्हटलं तरी अख्खा देह कळतो.
आणि 'ते' म्हणजे वासरू, अंडं,
पाळण्यातलं मूल.
"चांगल्या वाढलेल्या जिवाला वासरासारखं बोलवायचं?"
"सूर्यालाही आपण तसंच बोलवतो, बाई.
समुद्रालाही."

खरंच की. अडुसष्ट वर्षं म्हणत आले:
सूर्य उगवलं. समुद्र खवळलं.
त्यांच्यात काही कमी आहे
असं एकदाही मनात आलं नव्हतं.

तरी हट्ट. या वयात दातांपेक्षा हट्ट जास्त टिकतो.
"अरे, पण ते खरं कुठेय? शाई आहे नुसती.
शाईला काय लागतंय?"
तो टाचा उचलून उभा, मी घेर मोजत होते.
"शाईला बोलता येत नाही ना.
खरं माणूस निदान म्हणतं, अहो, मी असं नाही.
विरोचं तोंड म्हणजे आम्ही, वाचणारे.
आम्हीच चुकलो तर सांगणार कोण?"

मी खडूची रेघ ओढली. वाकडी गेली.

गिरणीतला हजेरीबाबू आठवला.
अकरा वर्षं त्यानं लुत्सिनाच्या जागी लुत्स्या लिहिलं.
एकदा सांगून पाहिलं. म्हणाला, पगार मिळतो ना?
मिळायचा. लुत्स्याच्या सहीनं
मी कोळसा आणला, पीठ आणलं, आईचं औषध आणलं.
गिरणी बंद पडली त्या दिवशी बायका रडत होत्या
आणि मला वाटत होतं,
नोकरी तिची गेली. त्या दुसरीची.

मेळाव्याच्या सकाळी तिमेकचा फोन: कॉलर उसवली.
सुई घेऊन ट्रामनं गेले.
हॉलभर पंख, शिंगं, पुठ्ठ्याच्या तलवारी,
एका पोरीच्या डोक्यावर चक्क जिवंत शेवाळ.
मी तिमेकच्या मानेशी वाकले.
शेजारी एक दाढीवाला फोटो काढत म्हणाला,
"वा, विरो! सातव्या भागात मरतो ना तो?"

"मरतं," मी म्हणाले, टाचण्यांच्या फटीतून.
"ते मरतं."

दाढीवाला थबकला. "हो. मरतं,"
म्हणाला, आणि पुढचा फोटो काढायला गेला.
मी टाका घातला. मग दुसरा.
तिसऱ्याला हात थांबला.
शेपूट दुरुस्त करण्याच्या नादात
मी काय बोलले ते मलाच उशिरा ऐकू आलं.
तिमेकनं हे सांगितलंच नव्हतं.
मान न वळवता तो म्हणाला,
"तुम्ही बाही इतक्या मनापासून करत होता..."

माझ्या मापांच्या वहीत दोनच रकाने:
पुरुष, बायका.
समासात लिहिलंय: विरो. बाही लांबच ठेवणे.
कंदील त्यातूनच धरतं.

अजून चुकते. परतीच्या ट्राममध्येच चुकले,
शेजारणीला सांगताना 'तो' म्हणून गेले,
उसवलं, पुन्हा घातलं.
शेजारीण म्हणाली, कोण गं हे?
म्हटलं, आहे एक. ओळखीचं.

तिमेक सहा भाग ठेवून गेलाय यंत्रापाशी.
सातवा मी मागितलेला नाही.